कोंडाबाईचं गढूळ पाणी

फार पूर्वीची, डोंगरांना टक्कल पडायच्या आधीची गोष्ट. लहानांनी मन लावून ऐकावी. थोरांनी ऐकून न ऐकल्यासारखं करावं, कारण तिच्यात सुरा आहे.

एका राज्यात घरोघरी जवाची सुरा करत. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भरडायचे, पाण्यात शिजवायचे आणि गार झाले की खमिराच्या मडक्यात ओतायचे. ही मडकी आतून कुणी घासत नसे. सासूची मडकी सुनेकडे जात आणि सुरा आंबवणारं खमीर त्यांच्या अंगातच नांदत असे. मडकं फुटलं की त्या घरची सुरा संपली.

या कामात कोंडाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची सुरा प्यायला की मुका गाऊ लागे आणि बेसूर गाणारा, देवाची कृपा, गप्प बसे. बायका विचारत, "आक्का, जवात घालतेस तरी काय?"

"जवाचं काय विचारता? पाण्याचं विचारा."

आणि खरंच, सून निवडतानाही तिने एवढी चौकशी केली नव्हती. देवळाच्या विहिरीचं पाणी तिने नाकारलं. त्यात डाळ शिजेना, रिठ्याला फेस येईना. तळ्याचं नाकारलं, त्याला कुजक्या पानांचा वास. शेवटी काळ्या कातळाखालचा ओढा तिला पटला. पाणी दिसायला गढूळ. पण ती ते खळखळून उकळे, दिवसभर निवत ठेवी आणि तळाशी पांढरा क्षार अन् गाळ बसला की वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेई. भांडं हललं तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या राज्याचा राजा मात्र स्वच्छतेचा एवढा भोक्ता, की आंघोळीच्या आधी तो आंघोळ करून घेई. त्याने संगमरवरी हौद बांधला आणि स्वतःच्या हाताने एक चूर्ण कुटून त्यात टाकलं. शेवाळ गेलं. डास गेले. बेडूक गेले. पाणी असं लखलखीत झालं, की वाकून बघणारा दहा वर्षांनी तरुण दिसे. राजा तर दिवसातून चार वेळा वाकून बघे.

मग दवंडी पिटली गेली. "नव्या धान्याच्या सणाला साऱ्यांनी हौदाच्याच पाण्याची सुरा करावी हो! दुसरं पाणी वापरील, त्याची मडकी फोडली जातील हो!"

कोंडाबाईने हौदाची घागर घरी आणली. वास घेतला. एक घोट घेतला, तशी तिची जीभ आखडली. मग तिने दोन वाट्या मांडल्या. एकीत हौदाचं पाणी, दुसरीत ओढ्याचं. दोन्हींत गुळाचा खडा आणि चमचाभर खमीर. दुपारपर्यंत ओढ्याची वाटी फेसाने उतू गेली. हौदाची वाटी दुसऱ्या दिवशीही जशीच्या तशी, निपचित.

"मारलं की रे माझं खमीर," ती म्हणाली आणि तडक हौदावर गेली.

"बायांनो, हे मडक्यात ओतू नका! आधी वाटीत बघा."

"राजाचं पाणी वाटीत तपासायचं?" एक जण पदर सावरत म्हणाली. "तुला मडकी जड झालीत का, आक्का?"

"अगं, बघ तर किती चकचकीत आहे," दुसरी म्हणाली. सगळ्यांनी घागरी भरल्या आणि आपापल्या मडक्यांत हौदाच्या पाण्यात शिजवलेले जव ओतले.

कोंडाबाईने मात्र ओढ्याचंच पाणी उकळलं. सात मडकी होती, आणि सासूने मरताना दुसरं काही मागे ठेवलं नव्हतं. पण ज्या पाण्याने त्यांतलं खमीर मरणार हे डोळ्यांनी पाहिलं, ते आपल्या हाताने ओतायचं? तिच्याने ते होईना.

पाच दिवसांनी सोटा घेऊन शिपाई दारात उभा राहिला. मडक्यांतून बुडबुड आवाज येत होता.

"आक्का, बाजूला हो. हुकूम आहे."

"फोड की. पण आधी घरी जाऊन तुझ्या आईच्या मडक्याला कान लाव."

"कशाला?"

"कान लावायला हुकूम लागतो होय रे?"

शिपाई पाय आपटत गेला. परत आला तेव्हा सोटा खाली लोंबत होता. "आमचं मडकं बोलत नाही, आक्का. आई पायरीवर बसून रडतेय. शेजारणीचंही गप्प आहे. सगळ्या आळीचंच."

सणाच्या दिवशी राजवाड्याच्या अंगणात रांगेने मडकी मांडली होती. झाकणं निघाली आणि लोकांनी वाकून पाहिलं. फेस नाही, गंध नाही, नुसता गिच्च लगदा.

"जव खराब असतील," राजा म्हणाला.

तेवढ्यात कोंडाबाई आली. डोक्यावर मडकं, आणि मडक्याच्या काठावरून फेस ओघळतोय.

"हे कुठलं पाणी?"

"कातळाखालचं, महाराज."

"मनाई असताना?"

"मनाई होती म्हणूनच भर बाजारातून, डोक्यावर घेऊन आले. लपवायचं असतं तर मागच्या वाटेने आले असते."

"फोडा ते!"

शिपाई हलला नाही. "महाराज, राज्यात जिवंत खमीर आता आक्काकडेच उरलंय." त्याची आई उठली आणि मडक्यापुढे येऊन उभी राहिली. मग दुसरी बाई. मग, पदर सावरणारी तीसुद्धा.

राजा लालबुंद झाला. "माझं पाणी अशुद्ध आहे, असं म्हणतेस?"

"छे! फार शुद्ध आहे. त्यात डास मेला, बेडूक मेला, खमीर मेलं. आता आम्ही माणसंच तेवढी राहिलोत."

राजाचा हात नकळत पोटावर गेला. महिनाभर ते कुरकुरत होतं, आणि राजवैद्य त्याला राजयोग म्हणत होते.

मग राजा हलकेच म्हणाला, "थोडी दे मला."

"पहिला घोट करणारीचा, ही रीत आहे," कोंडाबाई म्हणाली. तिने सावकाश प्याला भरला, सावकाश प्यायला, ओठ पुसले. मग प्रत्येक बाईच्या वाटीत खमिराचा एकेक डाव घातला. "नवी मडकी घ्या, आणि पाणी आधी वाटीत बघा."

"आणि मी?" राजाने विचारलं.

कोंडाबाईने अंगणाच्या पार टोकाकडे हात केला. "रांग तिकडून लागते, महाराज."

म्हणतात, राजा गेला. जाऊन उभाही राहिला. पुढे हौद उपसून घासून काढला गेला, आणि चूर्णाचा खल राणीने लसूण कुटायला नेला.

तात्पर्य: ज्यात काहीच जगत नाही त्याला शुद्ध म्हणू नये, मग सांगणारा राजा का असेना.