आरसेकामाच्या उश्या

घरातली सगळ्यांत मऊ वस्तू परक्यासाठी राखून ठेवता आणि घरच्यांना भिंतीला टेकून बसवता! याला तुम्ही आतिथ्य म्हणता?

फार फार पूर्वी एका नगरात रीत होती. वर्षातून एकदा राणीची स्वारी निघे. जिची बैठक मनात भरेल, तिच्या घरी राणी घटकाभर विसावे. म्हणून घरोघरी बायका वर्षभर उश्यांचे अभ्रे शिवत. ते अभ्रे चढवलेल्या उश्यांना घरच्या कुणी टेकायचे नाही, असा दंडक होता.

त्या नगरात एक सून होती. चूल आवरली की ती सुई घेई. रेशमाचे टाके, काचेचे आरसे, कडेला मोत्यांची झालर. मान अवघडे, डोळे चुरचुरत. एक अभ्रा पुरा झाला की ती दुसरा बेतायला घेई.

कोपऱ्यात सासू बसलेली असे. तिची कंबर केव्हाच गेली होती.

"सूनबाई, पाठीला एक उशी दे गं."

"आत्याबाई, एवढी स्वारी होऊन जाऊ दे. आरसे निखळतील."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालीस. आता काय, तिरडीवर देणार आहेस?"

सुनेने सुईत दोरा ओवला.

अखेर राणी आली. भोयांनी पालखी अंगणात टेकवली. राणी उंबऱ्यात उभी राहिली, बैठकीकडे बघत राहिली.

"किती सुंदर!" ती हळूच म्हणाली. "यांना टेकायचा धीरच होत नाही." आणि ती पायीच शेजारच्या घराकडे वळली.

सून बैठकीवर बसली. पहिल्यांदाच तिने एका उशीवर गाल टेकवला. आरसा टोचला. तिने नाडी सोडली, अभ्रा ओढून काढला आणि आतली उघडी उशी सासूच्या पाठीशी सरकवली. पण वर्षानुवर्षे न हलवलेल्या कापसाचे गोळे झाले होते.

"आत्याबाई, खुपतंय का हो?"

"खुपतंय थोडं. पण राहू दे आता, काढू नकोस." म्हातारीने डोळे मिटले.

सून तिच्याशेजारी बसून उशीतला कापूस बोटांनी मोकळा करत राहिली. बैठकीवरचे बाकीचे अभ्रेही तिने उतरवले. पुन्हा तिने सुई हाती घेतली ती फाटके पांघरूण सांधायलाच.

जो मऊपणा घरच्यांना नाकारला जातो, तो पाहुण्याच्याही वाट्याला येत नाही.

त्या दिवशी अंगणात एक म्हातारा भोई पाणी पीत हे सगळे बघत होता. तांब्या खाली ठेवून तो म्हणाला, "वहिनी, तशीच एक साधी उशी पालखीत ठेवता का? बाईसाहेब वाटभर ताठ बसून आल्यात. तिथल्या उश्यांनाही मोतीच लावलेत."