शीतवल्लीची हाक

एका राज्यात औषधं हाक मारल्याशिवाय गुण देत नसत. वैद्याने कुपी हाती घ्यावी, नाव उच्चारावं आणि औषधाने जागं व्हावं, अशी तिथली रीत. वैद्य सोमदत्तांची तापावरची शीतवल्ली तर एका हाकेत उठे. ते पाहून कालभद्र जादूगाराने तशाच निळ्या कुपीत आपलं औषध भरलं आणि त्याचं नाव ठेवलं शीतवेली.

धाकटे राजपुत्र अरिंजय तापाने फणफणले. दासीने घाईघाईत शीतवल्ली समजून शीतवेली आणली आणि हाक मारून पाजली. एक घोट पोटात गेला मात्र, राजपुत्रांची पावलं दगडाची झाली. दगड गुडघ्यांकडे चढू लागला. सोमदत्तांनी शीतवल्लीला हाक मारली. पण आता सारख्या नावामुळे दोन्ही कुप्या जाग्या होत, एकमेकींवर खेकसत आणि रुसून पुन्हा निजत.

उशाशी राजपुत्रांची पत्नी मुग्धा बसली होती. तिच्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. माहेरी ती राजसी. पण थोरल्या जाऊबाईंचं नाव राजसा, म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात तिचं नवं नाव लिहिलं गेलं. तिला कुणी विचारलं नाही.

ती उठली आणि नाव खरं कुणाचं हे विचारायला, राज्यातले तंटे सोडवणाऱ्या बुरुजावरच्या न्यायमैनेकडे गेली.

"तीन साक्षी आण," मैना म्हणाली. "एक बोलका, एक मुका, एक खोटारडा."

बोलकी मिळाली सगुणा माळीण. "शीतवल्लीनं मला वाचवलं, तेव्हा माझे दुधाचे दात होते बाई. आता खायचेही उरले नाहीत!"

मुका म्हणून तिने सोमदत्तांच्या पणजोबांचा खल उचलून आणला. शीतवल्ली घोटून घोटून त्याचा तळ पानासारखा पातळ झाला होता.

खोटारड्याला बोलवावं लागलं नाही. मैना दरबारात उतरली, तर तो तिथे "नाव माझंच!" म्हणून गरजतच होता.

"जादूगारमहाराज, तुमच्या औषधाचं नाव मोठं गोड," मुग्धा म्हणाली. "लोक लगेच विश्वास ठेवतात."

"ठेवणारच!" कालभद्र फुगला. "आजचं का नाव आहे ते? लहानपणी माझी आई मला हेच पाजायची!"

"आणि तेव्हा ते बनवायचं कोण?" मैनेने विचारलं.

"सोमदत्तांचे वडील..." म्हणता म्हणता जादूगाराने जीभ चावली.

राजा कपाळाला हात लावून म्हणाला, "सूनबाई, मग नाव सोडायचं कुणी?"

"नंतर आलेल्याने, मामंजी. या घरची रीतच आहे."

राजसाबाईंनी उगाच पदर सारखा केला.

तांदळाचं ताट आलं. कालभद्राने अंगठीने त्यात लिहिलं : पाषाणघोट. "असल्या नावाचं औषध घेणार कोण?" तो कुरकुरला.

"ज्याला दगड व्हायचंय तो," मैना म्हणाली.

तोवर दगड राजपुत्रांच्या छातीला भिडला होता. सोमदत्तांनी हाक मारली, "शीतवल्ली!" एकच कुपी जागी झाली. एक थेंब ओठांवर पडला, आणि छातीपासून पावलांपर्यंत दगड मेणासारखा वितळला.

अरिंजयांनी डोळे उघडले. "राजसी," ते म्हणाले.

"ओ!" दोघी जावा एकदमच म्हणाल्या.

आधी मैना हसली, मग राजा, मग सगळा दरबार. राजसाबाईंनी धाकटीचा हात धरला. "औषधांचं औषधांपाशी. आपण दोघींनी ओ दिली तर कुणाचा जीव जात नाही गं. घे तुझं नाव परत."

त्या राज्यात आजही हाक मारली की औषध एकच उठतं. जावा मात्र दोघी येतात.