एक्केचाळीस दिवसांचं तळं

तळी आटू लागलेल्या एका जुन्या उन्हाळ्यात हत्तीराजाने विचारलं, "आपल्या तळ्याचं पाणी किती दिवस पुरेल?"

म्हाताऱ्या कासविणीने ठिकठिकाणी बुडी मारून खोली मोजली. "तीस ते चाळीस दिवस, महाराज. तेही बहुधा. असे वीस अंदाज केले तर एखादा चुकतोच."

"एवढं मोजून नक्की काहीच नाही?" दरबार खिदळला.

कावळ्याने फांदीवरूनच सांगितलं, "एक्केचाळीस!" त्याला तिथल्या तिथे राजपंडित केलं.

कासवीण खट्टू झाली, पण स्वतःच्या अंदाजाला धरून तिसाव्या दिवशी पिल्लांसह नदीकडे निघून गेली. चौतिसाव्या दिवशी तळं आटलं. तहानेने अर्धमेला कळप कसाबसा नदीवर पोचला.

हत्तीराजा तिच्यावरच डाफरला, "चौतीस असं स्पष्ट सांगायला काय झालं होतं?"

कासविणीने सरकून त्याला पाण्यापाशी जागा दिली.