डोलकाठीवरचा कुरव

होड्या-गलबतं बोलत असत, तेव्हाची गोष्ट. जत्रेचे प्रवासी घेऊन निघण्याआधी रेवती होडीने शेजारच्या गलबताच्या डोलकाठीवर येऊन बसलेल्या कुरव पक्ष्याला विचारलं, "कुरवदादा, देवबंदरात गर्दी किती?"

"तिथे नांगर टाकायला जागा नाही. अलीकडची खाडी मोकळी आहे."

गलबत हसलं. "पाखरांना कसली विचारतेस? मला बघून सगळे आपोआप बाजूला होतील!"

रेवती बिनधास्त खाडीत शिरली. तिचे प्रवासी टेकडी ओलांडून जत्रेला गेले, नारळ फोडून, खाजं खात संध्याकाळी परतले. घरी निघालेल्या रेवतीला देवबंदराबाहेर गलबत दिसलं. सकाळपासून ते तिथेच ताटकळत होतं. त्याचे प्रवासी दुरूनच कळसाला हात जोडत होते.

कुरव अजून त्याच्याच डोलकाठीवर होता. गलबताने त्याला दिवसभरात काही विचारलंच नव्हतं.