लाल मोटार आणि पांढरं चाक

रस्त्यावर मोटारी मोजक्याच होत्या, तेव्हाची गोष्ट. एका लाल मोटारीला अंगावर एवढासाही ओरखडा खपत नसे. टपावरून मांजर गेलं, दाराला बाभळीची फांदी घासली, की ती तडक गॅरेजात पॉलिशच्या लोकरी चाकाकडे.

"चाकदादा, घासा!"

"अगं, एवढ्याशासाठी? राहू दे की."

"घासा म्हणते ना!"

चाक घासायचं, ओरखडा जायचा, मोटार लखलखायची.

एकदा घासता घासता चाक थांबलं. त्याची पांढरीशुभ्र लोकर लालभडक झाली होती. मोटार केवढ्यांदा तरी किंचाळली, "अगं बाई! दादा, रक्त! तुम्हाला लागलं की काय?"

"मला कशानं लागेल? हा तुझा रंग आहे. ओरखडा पुसला जात नाही, पोरी. भोवतालचा रंग त्याच्याइतका खाली घासावा लागतो."

मोटारीनं धसकून बाजूच्या भिंतीवरच्या आरशात पाहिलं. दारावर ओरखडा नव्हता. नुसता पत्रा होता.