न विचारलेलं उत्तर

“म्हणजे तो आवाज देवाचा नव्हताच?”

शमुवेल त्रिभुवनने हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठे कृपाबाईंनी मान वर केली. कुष्ठधामाच्या ओसरीत त्या खाली बसल्या होत्या. समोर बाकावर गोदाक्का, आणि तिचा उजवा पाय बाईंच्या मांडीवर. जुनी पट्टी सोडवणं चाललं होतं.

“मी कुठं तसं म्हटलं?”

“मग देवाचा होता?”

“तसंही म्हटलं नाही.”

तीन वर्षांपूर्वी याच शमुवेलने भरल्या उपासनेत उभं राहून सांगितलं होतं, की प्रभू माझ्याशी बोलला. सातपुड्यात जाऊन शाळा काढ म्हणाला. बायका रडल्या. पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. सेमिनरीत पहिला आलेला मुलगा डोंगरात निघाला, म्हणून गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत नाव झालं.

शाळा निघाली. एक्केचाळीस पोरं आली. पहिल्याच दिवाळीनंतर निम्मी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. दुसऱ्या वर्षी वावटळीने पत्रे उडवले. तिसऱ्या वर्षी फळ्यासमोर बसायला कुणी उरलं नाही. शमुवेलने कुलूप लावलं आणि खाली उतरला.

कृपाबाई कुष्ठधामाच्या जुन्या नर्स. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली, पण घरी काही गेल्या नाहीत. लहानपणी संडे स्कूलमध्ये शमुवेलकडून बायबलमधलं पहिलं वचन त्यांनीच पाठ करून घेतलं होतं. म्हणून तो इथे आला होता.

“माझं नाव शमुवेल आहे, बाई. हाक मला ओळखता यायला नको?”

“पवित्र शास्त्रातला शमुवेल देवाची हाक ऐकून तीनदा चुकीच्या माणसाकडे धावत गेला.”

“आणि?”

“देवाने चौथ्यांदा हाक मारली.”

…

गोदाक्काच्या टाचेत काटा निघाला. बोराचा, चांगला नखाएवढा. बाईंनी तो चिमट्याने धरून तिला दाखवला.

“कधी गेला गं?”

“मला काय ठाऊक? तुम्ही सांगाल तेव्हा.” रोगाने तिच्या पावलांतली जाणीव कधीच नेली होती.

शमुवेलने पिशवीतून वही काढली. वहीत दोन पत्रं होती. एक पुण्याच्या मोठ्या मंडळीचं: पाळक म्हणून या, पंचकमिटीला रविवारपर्यंत कळवा. दुसरं डोंगरातून, शाळेतल्या एका पोराच्या बापाने, दित्या वळवीने, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: पोरं परत आलीत, कुलूप उघडा.

“एकवीस दिवस उपास केलाय, बाई. सगळं लिहून ठेवलंय. पुण्यासाठी दोन वचनं मिळाली, एक स्वप्न पडलं. डोंगरासाठी एक वचन, आणि हे पत्र.”

“म्हणजे पुणं पुढं आहे.”

गोदाक्का हसली. शमुवेलला हसू आलं नाही.

“या खेपेला चूक करायची नाही मला. लोक एकदा हसले, पुरे झालं. तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून देव बोलतो असं मी धरून चालतो.”

“सांगेन ते करशील?”

“करीन.”

“पुन्हा विचार कर.”

“शपथ घेतो.”

“शपथ नको.” बाईंनी पट्टीला गाठ मारली. “मग इथंच राहा. मलमपट्टीला माणूस नाही. बावीस जण आहेत. सकाळ-संध्याकाळ पाय धुवायचे.”

शमुवेलला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

“बाई, मी विचारलं ते पुणं की डोंगर.”

“ऐकलं मी.”

“इथलं मी विचारलंच नव्हतं.”

“नव्हतंस.”

…

“किती दिवस?”

“मुदत मी सांगितलेली नाही.”

त्याचे कान तापले. ग्रीक शिकलो, हिब्रू शिकलो, ते काय घमेल्यात पाय धुवायला? त्याने वही पिशवीत कोंबली आणि चपला पायांत अडकवल्या.

“सलाम, बाई.”

“सलाम. साडेतीनची एस.टी. फाट्यावर थांबते.”

फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. सवयीने तो प्रार्थना करू लागला. ‘प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो…’ आणि पुढे शब्द फुटेना. एकवीस दिवस हेच म्हटलं होतं. पण दर वेळी एका हातात पुणं धरलं होतं, एका हातात डोंगर. यातलं कुठलंही उचल, म्हणून देवापुढे केलं होतं. तिसरं काही ठेवायला जागाच सोडली नव्हती.

एस.टी. आली. कंडक्टरने दार उघडून धरलं.

“येताय का?”

शमुवेल पायरीकडे बघत राहिला. मग त्याने मान हलवली. दार आपटलं, गाडी गेली, धूळ खाली बसली. फार काही पवित्र वाटलं नाही त्याला. कुणीतरी खिसा रिकामा केल्यासारखं वाटलं, एवढंच. तो मागे फिरला.

ओसरीत गोदाक्काचा डावा पाय अजून राहिला होता. शमुवेल हात धुऊन खाली बसला आणि तो पाय त्याने मांडीवर घेतला. पट्टी सुटली तसा दर्प आला. त्याने तोंड फिरवलं… मग परत वळवलं. बाईंनी कोमट पाण्याचं घमेलं त्याच्याकडे सरकवलं.

“दुखतंय का, अक्का?”

“दुखलं असतं तर तुमची गरज कशाला लागली असती, पाळकसाहेब?”

त्याने बोटांच्या बेचक्या एकेक करून धुतल्या. पुसल्या. मलम लावलं. पट्टी वाकडी बसली, ती सोडून पुन्हा बांधली. तोवर उन्हं ओसरीतून निघून गेली होती.

“पुण्याला नाही म्हणून कळवतो,” तो म्हणाला. “दित्यालाही. उद्या किती वाजता सुरुवात करायची?”

कृपाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“उद्या तू इथं नसशील.”

“पण तुम्हीच तर… आणि हे बावीस जण?”

“त्यांचं मी बघेन.”

…

“मग कुठं जाऊ, बाई?”

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. घमेल्यातलं पाणी त्यांनी कुंपणापलीकडे ओतलं.

“आता कुठंही जा. हात मोकळे झालेत तुझे.”