एकाच दाराचं देणं

“तिन्ही कर्जांचं मिळून एक करू की नको, भन्ते? एवढंच सांगा.”

प्रश्न विचारून उत्पला रामटेके विहाराच्या पायरीवर बसली. खरं पाहता तिला प्रश्न पडलेलाच नव्हता. उत्तर ती पुण्याहून सोबत घेऊन आली होती, लॅपटॉपमध्ये, रकाने पाडून, रंग देऊन. आता फक्त कोणी मोठ्या माणसाने मान डोलवायची तेवढी बाकी होती.

भन्ते उपसेन गुडघ्याला तेल चोळत होते. वय अठ्ठ्याहत्तर. भंडाऱ्याकडच्या या वस्तीत त्यांना येऊन तीस वर्षं झाली होती, आणि या तीस वर्षांत त्यांनी कोणाच्या प्रश्नाला पटकन उत्तर दिल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

“कोणती तीन?” त्यांनी विचारलं.

“बँकेचं एक, इंजिनीयरिंगला घेतलेलं. पुढच्या शिक्षणासाठी एका फायनान्स कंपनीचं, ते सगळ्यात महाग. आणि तिसरं इथल्याच बायकांच्या बचत गटाचं, बिनव्याजी. महिन्याला तीस हजार हप्त्यात जातात, भन्ते. पगार अठ्ठेचाळीस.”

“आणि एक केलं की?”

“नवी कंपनी तिघांचेही पैसे चुकते करते. मग एकच कर्ज, एकच तारीख. हप्ता सोळा हजार.”

“वाचलेले चौदा?”

“बाबांसाठी.”

हे सांगताना तिचा आवाज जरा खाली आला. तिचे वडील यादवराव राइस मिलवर रात्रपाळीचे चौकीदार होते. एकसष्टाव्या वर्षी, थंडीत, एका खुर्चीवर, नऊ हजार रुपयांसाठी. त्यांना घरी बसवायचं, हे तिनं पहिल्या पगाराच्या दिवशीच ठरवलं होतं. त्याला दोन वर्षं झाली. यादवराव अजून खुर्चीवरच होते. पोरीच्या मनाला ते फार लागलं होतं, आणि लागायलाच हवं होतं. ज्याला असं काही लागत नाही, त्याच्या शिक्षणाला काय चाटायचंय?

“फेडायला किती वर्षं?” भन्तेंनी विचारलं.

“आत्ता पाच उरलीत. एकत्र केलं की बारा. व्याज साडेसहा लाख जास्त जाईल, काढलंय मी. जाऊ दे. बाबांच्या झोपेपुढे साडेसहा लाख काही नाहीत.”

भन्ते तिच्याकडे पाहून हसले. त्यांना ही पोरगी आवडायची. हिशेबात तिचा हात धरणारं वस्तीत कोणी नव्हतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

“सही कोणाची लागते?”

“माझी. आणि बाबांची. सोबत एक सहकर्जदार लागतोच. आज संध्याकाळी करतील ते.”

 तेलाची बाटली भन्तेंनी झाकण लावून बाजूला ठेवली…

 मग उत्पलानं तिचं तिनेच मनात मांडलं. बाबांची एकसष्ट आणि कर्जाची बारा.

“त्र्याहत्तर,” ती पुटपुटली.

तिच्या तक्त्यात तो रकाना नव्हता.

“मग मी करू तरी काय?” ती थोडी चिडूनच म्हणाली. “याला दुसरा रस्ताच नाही.”

“भिक्षेची वेळ झाली,” भन्ते म्हणाले, आणि भिंतीला धरून उठले.

उठताना गुडघा कटकन वाजला. उत्पलाला राहवलं नाही. वस्तीत भन्तेंना रोजचं भोजन आनंदानं देणारी घरं होती, गावात तर गाडी पाठवून नेणारे उपासक होते. पण हा म्हातारा रोज सकाळी पात्र घेऊन ओळीनं अकरा दारं हिंडायचा. एकही दार गाळायचा नाही.

“एका घरचं जेवण का घेत नाही तुम्ही? पायांचे हाल कशाला?”

“घेतलं होतं. एक पूर्ण वर्षावास. पावसाळ्याचे तीन महिने.”

“मग?”

“जेवण चांगलं होतं.”

ते अंगावरचं चीवर सारखं करत बोलले, “नवव्या घरची जनाबाई वारली. मला चौथ्या दिवशी कळलं.”

एवढं बोलून त्यांनी भिक्षेचं पात्र उचललं आणि तिच्या हातात दिलं.

“आज तू धर.”

“मी?”

“माझा गुडघा दुखतोय, तूच म्हणालीस ना.”

पुण्यात सातव्या मजल्यावर बसणारी, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालणारी उत्पला ते काळं पात्र हातात घेऊन उभी राहिली. तिचे कान गरम झाले.

“काय म्हणून मागायचं?”

“मागायचं नाही. हाक मारायची नाही. दारात उभं राहायचं. दिलं तर पुढं. नाही दिलं तरी पुढं.”

पहिलं दार बंद होतं. ती दोन क्षण उभी राहिली आणि सुटल्यासारखी पुढे गेली.

दुसऱ्या दारातून एक म्हातारी आली, तिनं एक पळी भात घातला, हात जोडले आणि आत गेली. उत्पलानं मान वर केली नाही. आपल्याला कोणी काही देत आहे आणि आपण ते उभ्यानं घेत आहोत, हे तिला फार जड गेलं. आयुष्यभर तिनं तेच तर केलं होतं आणि आयुष्यभर ते लपवलं होतं.

भन्ते दोन पावलं मागे, काठी टेकत, चुपचाप.

तिसऱ्या दारात पारबताबाई बसली होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि जर्दा, आणि बोटं आपोआप चालणारी. या वस्तीतल्या निम्म्या बाया बिड्या वळतात. हजार बिड्या वळल्या की दिवस सरतो. त्याच बिड्यांच्या पैशांतून दर महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून त्यांनी बचत गट उभा केला होता, आणि गटाचं सगळ्यात पहिलं मोठं कर्ज उत्पलाला दिलं होतं. दीड लाख. कागदावर ना तारण, ना व्याज. अट एकच, परत आलेले पैसे पुढच्या शिकणाऱ्या पोरीला. कर्ज देताना एकाही बाईनं तिला पैशाचं भाषण दिलं नव्हतं. बँकेनं मात्र अठरा सह्या घेतल्या होत्या.

पारबताबाईनं सूप बाजूला ठेवलं, हात धुतले, आत जाऊन वरण-भात आणला आणि पात्रात घालता घालता वर पाहिलं.

“काय वं उत्पला? कवा आली?”

“कालच आले, काकू.”

“पुनवेले काऊन येत नाही? आठ महिने झाले.”

झालं. आली वसुली, असं उत्पलाच्या मनात आलं. दर पौर्णिमेला विहारात गटाची बैठक व्हायची आणि हप्ता भरणाऱ्याचं नाव रकमेसकट सगळ्यांसमोर वाचलं जायचं. पहिल्या हप्त्याला ती हौसेनं गेली होती. भरल्या विहारात “उत्पला यादवराव रामटेके, चार हजार” असं ऐकताच तिला इतकी लाज वाटली, की पुढचं काही न ऐकता चपला घालून तडक घरी निघून आली होती. तेव्हापासून ती फोनवरूनच पैसे पाठवायची. तीन कर्जांपैकी बँकेचं आणि कंपनीचं देणं तिला नुसतं महाग पडायचं. हे तिसरं बिनव्याजी देणं मात्र डोक्यावर बसल्यासारखं वाटायचं. सगळ्यात आधी फेडून मोकळं व्हायचं होतं ते याच्यातून. हे तिनं भन्तेंना सांगितलं नव्हतं.

“हप्ता पाठवते ना, काकू. एकही चुकला नाही.”

“पैसे येतेत. तू येत नाही.”

“आता सगळे एकदमच देऊन टाकणार आहे. पुढच्या महिन्यात. एक लाख अठरा हजार, एका झटक्यात. मग कोणाला माझं नाव वाचायची गरज नाही.”

पारबताबाईनं पळीतला उरलेला भात पात्रात घातला.

“दे नं,” ती म्हणाली. “कांबळ्याच्या पोरीले नर्सिंगले जाचं आहे. तिच्या कामी येईल.”

मग पळी पात्राच्या काठावर टेकवून म्हणाली, “पन मंग तुह्यं नाव नाही येनार पुनवेले.”

“तेच तर म्हणतेय मी. सुटले.”

“सुटली म्हंजे?”

“म्हणजे काय, काकू? सगळ्यांसमोर कोणी किती हप्ता भरला ते वाचायचं. माणसाला लाज वाटते. मी बुडवणार होते का तुमचे पैसे?”

पारबताबाईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग मागं उभ्या भन्तेंकडे पाहिलं. भन्ते समोरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहत होते.

“तू त्या दिवशी उठून गेली नं,” ती हळू बोलली. “मंग तुले आयकू कुठून येईल?”

“काय?”

“नाव वाचलं का आमी साधू म्हनतो, पोरी. साऱ्याजनी. तीन डाव. साधू, साधू, साधू.”

उत्पला पात्र धरून उभी राहिली…

“तू नाही आली तरी म्हनतो. लहान्या पोरी मागं बसते, त्याइले आयकू जावं म्हून जोरानं म्हनतो. आमच्या बिडीच्या पैशानं पोरगी शिकली अन् एक हप्ता नाही चुकला तिचा. मंग म्हनू नाही का?” पारबताबाई हसली. “तुह्या बापाले इचार. त्याची ड्यूटी असते, तरी तुह्यं नाव होयेपर्यंत दारात उभा राह्यते. मंग जाते सायकल घेऊन.”

 धम्मात कोणी चांगलं काम केलं की बाकीचे तीनदा साधू म्हणतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आपल्यासाठी ते आठ महिने म्हटलं जात होतं, आणि आपण पुण्यात बसून त्याला वसुली समजत होतो. तिला स्वतःची लाज वाटली आणि या बायांचं फार कौतुक वाटलं. हजार बिड्या वळून शंभर रुपये टाकायचे, आणि ते फेडणाऱ्या पोरीलाच वर शाबासकी द्यायची. असले सावकार तिच्या शिक्षणात कुठल्याही धड्यात नव्हते.

“पुढं,” मागून भन्ते म्हणाले.

उरलेली आठ दारं ती मान वर करून उभी राहिली. दोन ठिकाणी काही मिळालं नाही. एका घरी पोळीचा चतकोर मिळाला, आणि देणारी म्हातारी त्याहून जास्त नाही म्हणून ओशाळली, तेव्हा उत्पलाच तिच्या पाया पडली.

विहारात परत आल्यावर भन्तेंनी पात्रातलं सगळं एकत्र कालवलं. भात, वरण, कोणाच्या घरची वांग्याची भाजी, कोणाची खीर. उत्पला पाहत होती. तिच्यातली हुशार पोरगी अजून पुरती गप्प झाली नव्हती.

“तुम्हीही एकत्रच केलंत की, भन्ते.”

“खाताना. घेताना अकरा दारं,” भन्ते म्हणाले, आणि घास घेतला.

ते जेवत होते तोवर तिनं पायरीवर लॅपटॉप उघडला. कोणी सांगितलं नव्हतं. रंगीत तक्ता तिनं पुसला आणि नव्यानं मांडायला घेतला. बऱ्याच वेळानं ती बोलली. आवाजात सकाळचा तोरा नव्हता.

“गटाचं एकत्र करत नाही. ते वेगळंच राहू दे. बँकेचं आणि कंपनीचं तेवढं एक करते. त्यांना कोणाला माझं नाव माहीत नाही, एक झाले काय नि दोन झाले काय. आणि बारा नाही, सात वर्षांत फेडायचं. एवढं झेपतं मला.”

“सुटतात किती?”

“महिन्याला सहा हजार.”

भन्ते पात्र धुऊ लागले.

“बाबांचा पगार नऊ आहे,” ती म्हणाली. तिनं परत एकदा आकडे पाहिले. पाहून काही बदलणार नव्हतं. सहा हजारांत यादवराव खुर्चीवरून उठणार नव्हते. संध्याकाळी बाबा सही करणार होते, आणि कंपनीचा तो कागद, बारा वर्षांचा, घरी टेबलावर तसाच पडला होता. त्यावर सही केली की आजच सगळं सुटत होतं.

“तीन हजार कमी पडतात, भन्ते.”

भन्तेंनी पात्र पुसून कोरडं केलं. घाई केली नाही. मग तिच्याकडे पाहिलं…

“त्या तीन हजारांसाठी कुठल्या दारात उभी राहशील? कंपनीच्या, की इथल्या?”